नव्या अवजारखोलीचें वायरिंग व रंगकाम

हल्लीं ज्या खातेदाराच्या दारांत ट्रॅक्टर उभा आहे, त्याच्या घरीं त्यामागोमाग ग्राइंडर, ड्रिल, हवा भरण्याचा कॉम्प्रेसर आणि कित्येक ठिकाणीं वेल्डिंगचें यंत्र हीं येऊं लागलीं आहेत. नांगराचा फाळ लावून आणणें, रोटाव्हेटरचीं पातीं बदलणें, ट्रॉलीचा तुटलेला कोपरा जोडून घेणें या कामांसाठीं दर वेळीं तालुक्याच्या गांवीं खेप घालणें परवडत नाहीं. ऐन पेरणींत तर तो दिवसच हातचा जातो. म्हणून ट्रॅक्टर ठेवण्यापुरती व तेथेंच दुरुस्ती करण्यापुरती एक पक्की खोली घराशेजारीं बांधण्याकडे शेतकऱ्यांचा कल होत आहे, हें योग्यच आहे. परंतु भिंती उभ्या राहिल्या व पत्रे चढले म्हणजे खोली झाली असें समजून पुढील दोन कामें, विजेची जोडणी व रंग, हीं जो मिळेल त्याच्या हातीं सोंपविलीं जातात. या दोन कामांचा परस्परांशीं संबंध आहे आणि तो न ओळखल्यास जिवावर बेततें, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

आमच्या घरीं घडलेली गोष्ट प्रथम सांगतों. जुन्या पत्र्याच्या शेडमध्यें टेबल-ग्राइंडर लोखंडी अँगलच्या घोडीवर बसविलेला होता. घोडीस हिरवी तार बोल्टानें जोडलेली होती व ती डोळ्यांस दिसत होती. म्हणून अर्थिंग झालें आहे असें मी धरून चाललों. श्रावणांत एके दिवशीं जमीन ओली असतां पुतण्या विळ्यास धार लावावयास गेला. त्यानें घोडीवर हात टेकला मात्र, तो हात तेथेंच चिकटला. गड्यानें प्रसंगावधान राखून मेन स्विच पाडला म्हणून मुलगा वांचला. मागाहून दुसऱ्या वायरमनकडून पाहणी करविली. तार शाबूत होती, अर्थिंगचा खड्डाही बरा होता. पण घोडीस ऑइलपेंटचे दोन हात दिल्यावर त्या रंगावरच बोल्ट आवळलेला होता. वाळलेला रंग विजेस अडवितो. म्हणजे तार लोखंडास नव्हे, तर रंगास जोडलेली होती. रंगाऱ्यानें आपलें काम केलें होतें, वायरमननें आपलें केलें होतें. दोहोंच्या मध्यें पाहणारा कोणी नव्हता. तें काम घरधन्याचें, म्हणजे माझें होतें. स्थळपाहणी केल्याखेरीज कागदावर सही करूं नये, हें मीं तीस वर्षें नव्या कारकुनांस सांगत आलों, आणि स्वतःच्या घरीं मात्र तार पाहूनच काम पुरें झाल्याची सही दिली.

पुढें नवी खोली बांधली तेव्हां सर्व काम क्रमानें व समक्ष करवून घेतलें. खोली २० फूट लांब, १४ फूट रुंद व १० फूट उंच आहे. पुढील मापें याच खोलीस धरून दिलीं आहेत. ज्यानें त्यानें आपल्या खोलीप्रमाणें फेरफार करावा.

१. आधीं कागद

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या व्याख्येप्रमाणें शेतीचीं अवजारें, खत, वैरण किंवा पीक ठेवण्यासाठीं शेतजमिनीवर बांधलेली इमारत ही शेतावरील इमारत धरली जाते. आपल्या अवजारांसाठीं खोली बांधणें निराळें व गांवचीं कामें पैसे घेऊन करूं लागणें निराळें. दुसऱ्या प्रकारांत बिगरशेती वापराचा प्रश्न उत्पन्न होतो. ग्रामपंचायतीकडे अगर ज्या अधिकाऱ्याकडे बांधकामाची परवानगी असेल त्याजकडे आधीं चौकशी करावी.

विजेसंबंधींही हाच विवेक ठेवावा. शेतीपंपाच्या जोडणीवरून खोलींत वीज घेऊं नये. मंजूर कारणाहून निराळ्या कारणासाठीं वीज वापरणें हें विद्युत् अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खालीं अनधिकृत वापरांत मोडतें व त्याची आकारणी जबर असते. घरच्या मीटरवरून वीज घ्यावयाची असल्यास मंजूर भार किती आहे तें बिलावर पहावें व नव्या यंत्रांसाठीं तो अपुरा असल्यास वाढवून घ्यावा. काम परवानाधारक विद्युत् ठेकेदाराकडूनच करवावें व त्याच्या सहीचा चाचणी अहवाल घेऊन जपून ठेवावा.

२. कामाचा क्रम

बहुतेक नुकसान क्रम चुकल्यानें होतें. गिलावा झाल्यावर पाइप आठवले म्हणजे भिंत फोडावी लागते. रंग झाल्यावर बोर्ड आठवला म्हणजे रंग जातो. आणि वायरिंगनंतर निष्काळजीपणें रंग दिला म्हणजे आमच्या घोडीसारखें होतें. योग्य क्रम असा:

पहिल्यानें यंत्रें कोठें बसणार तें जमिनीवर खडूनें आंखावें. नंतर विटांच्या भिंतींत झिरी पाडून पाइप व लोखंडी किंवा प्लॅस्टिकचे बॉक्स बसवावे आणि पाइपांतून ओढदोरी घालून ठेवावी. त्यावर गिलावा करावा. गिलाव्यास निदान ७ दिवस पाणी मारावें. या कामीं घाई केल्यास पृष्ठभाग भुगा होऊन सुटतो. गिलावा वाळल्यावर तारा ओढाव्या. मग भिंतीस रंगाचे पहिले हात द्यावे, त्यानंतर स्विचबोर्ड बसवावे व सर्वांत शेवटीं रंगाचा अखेरचा हात बोर्ड झांकून द्यावा. लोखंडी वस्तू मात्र रंगवून पुऱ्या वाळल्यावर, जोडाची जागा खरवडून, मगच अर्थिंगला जोडाव्या.

३. भार व तारा

वायरमनला बोलावण्यापूर्वीं यंत्रांची यादी करावी. प्रत्येक यंत्राच्या पट्टीवर वॅट अथवा अश्वशक्ति लिहिलेली असते. वॅटांस २३० नें भागिलें म्हणजे एकफेजी यंत्राचा प्रवाह सुमारें किती अँपिअर तें निघतें. ८५० वॅटचा हातग्राइंडर असल्यास ३.७ अँपिअर येतात. मोटारीच्या यंत्रास याहून थोडा अधिक प्रवाह धरावा, कारण पट्टीवरील अश्वशक्ति ही मोटारीनें दिलेली शक्ति असते, तिनें घेतलेली नव्हे. दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर चालतांना सुमारें १० अँपिअर घेतो व सुरू होतांना क्षणभर त्याच्या कित्येक पट ओढतो.

या हिशोबानें आम्हीं खोलीचे चार स्वतंत्र फांटे केले. दिवे व पंखा यांस १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार व ६ अँपिअरचा एमसीबी. कामाच्या टेबलावरील प्लगांस २.५ चौरस मिलिमीटर व १६ अँपिअर. कॉम्प्रेसरास ४ चौरस मिलिमीटर व २० अँपिअर. आणि वेल्डिंगच्या इन्व्हर्टर-यंत्रास ६ चौरस मिलिमीटर व ३२ अँपिअर. येथें एक तत्त्व ध्यानांत ठेवावें. एमसीबी हा यंत्राचा नव्हे, तर तारेचा रखवालदार आहे. तो वारंवार पडूं लागला म्हणजे मोठा एमसीबी आणून बसविणारे पुष्कळ आहेत. परंतु तार तीच राहिल्यामुळें एमसीबी पडण्याऐवजीं तार तापते व भिंतींतच जळते. एमसीबी वाढवावयाचा तर आधीं तार वाढविली पाहिजे.

तारांवर आयएस ६९४ हा क्रमांक व आयएसआय छाप पाहून घ्यावा. फेजला लाल, पिंवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी व अर्थला हिरवी तार हा रंगभेद सर्व खोलीभर कसोशीनें पाळावा. पुढें दहा वर्षांनीं बोर्ड उघडणारा मनुष्य त्यावरच भरंवसा ठेवणार असतो. तारा पाइपांतूनच न्याव्या. अवजारखोलींत धान्याचा कण असतो, म्हणून उंदीर येतात, आणि उघड्या तारेचें आवरण ते कुरतडतात.

प्लगची पेटी जमिनीपासून ४ फुटांवर घ्यावी. याचीं कारणें दोन. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यानें ती जमिनीलगत सांचते व खालच्या प्लगांतील ठिणगीनें पेटूं शकते. शिवाय ट्रॅक्टर धुतांना पाणी खालच्या पेटींत जातें. बॅटरी भारित करण्याची जागा खिडकीपाशीं ठेवावी, कारण भारित होतांना तींतून हायड्रोजन निघतो व तो ज्वालाग्राही आहे.

दिव्यांविषयीं एवढेंच कीं, ग्राइंडरवर एकाच नळीचा लुकलुकणारा उजेड असूं नये. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यानें तसला दिवा सेकंदास १०० वेळां कमी-जास्त होतो, आणि त्या उजेडांत फिरणारें चाक हळू फिरत आहे किंवा उभें आहे असा भास होऊं शकतो. चांगल्या प्रतीचा एलईडी दिवा टेबलावर स्वतंत्र लावावा.

४. अर्थिंग व गळतीचा खटका

या लेखांतील मुख्य भाग हाच आहे. अर्थिंगचा खड्डा केला म्हणजे भागलें असा समज सर्वत्र आहे. तो पुरता खरा नाहीं. कसा तें आंकड्यांनीं पाहूं.

समजा, आपल्या खड्ड्याचा रोध १५ ओहम आहे व ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा ५ ओहम आहे. ग्राइंडरच्या आंतील फेजची तार सुटून अंगास लागली, तर प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर वाहील. त्या फांट्यावर एमसीबी १६ अँपिअरचा आहे. अर्थात् तो पडणारच नाहीं. यंत्र चालूच राहील आणि त्याच्या अंगावर ११.५ गुणिले १५, म्हणजे सुमारें १७२ व्होल्ट उभे राहतील. तार आहे, खड्डा आहे, एमसीबी आहे, आणि तरीही हात लावणारा मरूं शकतो.

मनुष्याच्या शरीरांतून सुमारें १० मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी हाताचे स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते. ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह कांहीं वेळ राहिल्यास हृदयाची गति बिघडून मृत्यु येऊं शकतो. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. यावरून एमसीबी हा मनुष्याच्या रक्षणासाठीं नव्हे हें उघड होईल.

त्यासाठीं आरसीसीबी नांवाचा निराळा खटका मिळतो. तो ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला कीं नाहीं, हें तो सतत ताडून पाहतो. हिशोबाच्या वहींत जमा व खर्च जुळावे तसाच हा प्रकार आहे. मध्यें कोठें तूट आली, म्हणजे कांहीं प्रवाह यंत्राच्या अंगांतून वा मनुष्याच्या शरीरांतून जमिनींत गेला, तर तो क्षणार्धांत वीज तोडतो. वर दिलेल्या उदाहरणांत ११.५ अँपिअरची तूट दिसतांच तो पडेल, आणि तेंही कोणी हात लावण्यापूर्वीं. मात्र त्याच्या मर्यादाही जाणाव्या. एका हातांत फेज व दुसऱ्या हातांत न्यूट्रल धरणाऱ्यास तो वांचवूं शकत नाहीं, कारण तेथें तूट येत नाहीं. तारेवर जादा भार आल्यास तोही त्यास कळत नाहीं. म्हणून एमसीबी व आरसीसीबी हीं दोन्हीं लागतात. आरसीसीबीवर चाचणीचें बटन असतें. तें महिन्यांतून एकदां दाबून खटका पडतो कीं नाहीं तें पहावें. या बटनानें खटका तपासला जातो, खड्डा नव्हे, हेंही विसरूं नये.

१९५६ चे भारतीय विद्युत् नियम जाऊन २०१० सालीं केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम आले व २०२३ सालीं ते पुन्हां नव्यानें निघाले. शब्द बदलले, तरी यंत्राचें धातूचें अंग जमिनीशीं जोडलेलें असावें व गळती झाल्यास वीज तुटावी, हें तत्त्व कायम आहे.

खड्ड्यासाठीं सुमारें ४० मिलिमीटर व्यासाचा, २.५ मीटर लांबीचा जस्ती पाइप भिंतीपासून निदान दीड मीटर दूर उभा पुरावा व भोंवतीं मीठ आणि कोळसा यांचे थर द्यावे. काळ्या जमिनींत ओल असेपर्यंत रोध कमी राहतो. परंतु उन्हाळ्यांत हीच जमीन भेगाळून पाइपापासून सुटते. मुरमाड व खडकाळ जागीं रोध मुळांतच अधिक असतो. म्हणून खड्डा न्हाणीच्या किंवा हौदाच्या पाण्याची ओल पोंचेल अशा जागीं घ्यावा व उन्हाळ्यांत त्यांत पाणी ओतावें. रोध अर्थटेस्टरनें मोजून आंकडा अहवालांत लिहवून घ्यावा.

आणखी एक वाईट चाल येथें सांगितली पाहिजे. न्यूट्रल नसेल तेथें फेज एक घेऊन दुसरें टोंक अर्थिंगच्या सळईस जोडून दिवा किंवा मोटार चालविण्याची युक्ति खेड्यांत कित्येक ठिकाणीं केली जाते. असें केलें म्हणजे ती सळई व तीस जोडलेलें सर्व लोखंड जिवंत होतें, आणि शेजारून जाणारें जनावरही सांपडूं शकतें. ही युक्ति नव्हे, हत्यार आहे.

तसेंच तीन पिनांच्या प्लगाची अर्थ-पिन काढून टाकून तो दोन भोंकांच्या पेटींत घालूं नये. आमच्या ग्राइंडरची मूळ दोरी अशीच दोन पिनांवर आणलेली होती; म्हणूनच ती बाहेरची हिरवी तार घालण्याचा प्रसंग आला होता.

५. भिंतीचा रंग

खोलीच्या भिंती आंतून पांढऱ्या असाव्या. पांढरी भिंत आपल्यावर पडलेला बहुतेक उजेड परत टाकते, म्हणून तितक्याच दिव्यांत काम स्पष्ट दिसतें. परंतु खालच्या भागास तेलाचे हात लागतात. तेथें ४ फूट उंचीपर्यंत करड्या ऑइलपेंटचा पट्टा द्यावा व वर चुना द्यावा, हें स्वस्त व सोयीचें आहे.

नव्या गिलाव्यावर ऑइलपेंट देण्याची घाई करूं नये. ताज्या सिमेंटांत तीव्र अल्क असतें. तेल व कॉस्टिक एकत्र येऊन जसा साबण होतो, तसाच ओल्या गिलाव्यावर रंगांतील तेलाचा साबण होतो, व रंग चिकट होऊन पोपडे धरतो. पाणी मारणें संपल्यावर निदान ४ आठवडे भिंत वाळूं द्यावी; पावसाळ्यांत याहून अधिक. ओल आहे कीं नाहीं हें पहाण्यास दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारी कडांनीं चिकटपट्टीनें बंद करून एक दिवस ठेवावा. आंतल्या बाजूस दहिंवर जमलें तर भिंत अजून ओली आहे.

चुन्यास ही अडचण नाहीं. तो स्वतःच अल्क आहे व भिंतीचा श्वास बंद करीत नाहीं. एक किलो कळीच्या चुन्यास सुमारें ५ लिटर पाणी या प्रमाणानें लोखंडी पिंपांत तो विरवावा. विरतांना तो उकळतो व उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा, मुलांस जवळ येऊं देऊं नये व प्लॅस्टिकची बादली वापरूं नये. एक दिवस ठेवून जाड्या कापडानें गाळावा व दर १० लिटरांस सुमारें ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यांत विरघळवून मिळवावा. नव्या भिंतीस तीन पातळ हात द्यावे. खालच्या पट्ट्यावर मात्र चुना लावूं नये. चुन्यावर ऑइलपेंट धरत नाहीं व तो पुढें खरवडावा लागतो.

आमच्या खोलीचा हिशोब असा. भिंतींचा घेर ६८ फूट, उंची १० फूट, म्हणजे ६८० चौरस फूट. त्यांतून ८ फुटी चौरस दार ६४ व दोन खिडक्या २४ वजा जातां ५९२ राहिले. चार फुटी पट्टा, दाराची रुंदी सोडून, २४० चौरस फूट व चुन्याचा भाग ३५२. ऑइलपेंट एका हातास लिटरामागें सुमारें १०० चौरस फूट धरला तर दोन हातांस ५ लिटर पुरेसा होतो. दुकानदाराच्या अंदाजावर विसंबण्यापेक्षां ही मोजणी आधीं करावी.

६. लोखंडकाम

दार, खिडक्यांचे गज व टेबलाचे पाय तारेच्या ब्रशानें गंज काढून कोरडे पुसावे, लाल ऑक्साइडच्या प्रायमरचा एक हात द्यावा व वर ऑइलपेंटचे दोन हात द्यावे. नव्या चकचकीत जस्ती पत्र्यावर साधा रंग टिकत नाहीं. तो तसाच ठेवावा हें बरें. घरांत पूर्वींचा शेंदराचा प्रायमर पडला असल्यास तो वापरूं नये. त्यांत शिसें असतें. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० हून अधिक नसावें असा नियम २०१६ सालीं झाला आहे; डब्यावर तसा उल्लेख पाहून घ्यावा.

ऑइलपेंट व थिनर यांच्या वाफा जात नाहींत तोंपर्यंत खोलींत वेल्डिंग वा ग्राइंडर चालवूं नये. जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या बाहेर पसरून वाळवाव्या.

७. ताबा घेण्यापूर्वींची पाहणी

काम पुरें झाल्याचे पैसे देण्यापूर्वीं घरधन्यानें पुढील गोष्टी स्वतः उभें राहून पहाव्या.

(१) आरसीसीबीचें बटन दाबतांच सर्व खोलीची वीज जाते काय.
(२) मेगरनें ५०० व्होल्टांवर तारांची आवरणचाचणी घेतली काय व ती निदान १ मेगओहम आली काय.
(३) खड्ड्याचा रोध मोजला काय व आंकडा लिहिला काय.
(४) प्रत्येक प्लगाच्या अर्थ-भोंकापर्यंत हिरवी तार पोंचली आहे काय.
(५) प्रत्येक लोखंडी घोडी, टेबल व पेटी यांवर अर्थच्या बोल्टाखालीं रंग खरवडून चकाकतें लोखंड उघडें केलें आहे काय. बोल्ट आवळल्यावर गंज लागूं नये म्हणून वरून ग्रीस लावावें. रंग द्यावयाचाच तर जोड मोजून झाल्यावर वरून द्यावा, आंतून नव्हे.
(६) प्रत्येक एमसीबीखालीं तो कोणत्या फांट्याचा आहे हें मराठींत लिहिलें आहे काय, म्हणजे संकटसमयीं घरांतील बायकामुलांसही योग्य खटका पाडतां येईल.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नव्या खोलीचा आरसीसीबी एकाएकीं पडला व पुन्हां चढेना. गडी म्हणाला, "तात्या, खटका बिघडला, काढून टाकूं." तसें न करितां एकेक फांटा बंद करून पाहिलें, तेव्हां बाहेरच्या पाणी मारण्याच्या मोटारीच्या प्लगांत पावसाचें पाणी शिरलेलें आढळलें. खटक्यानें आपलें काम केलें होतें. प्लग बदलला, वर झांकण बसविलें आणि खटका चढला. ज्यांच्याकडे असा खटका वारंवार पडतो त्यांनीं त्यास दोष देण्यापूर्वीं ओल कोठें आहे तें शोधावें.

पुतण्या आतां त्याच खोलींत काम करितो. ग्राइंडरजवळ जाण्यापूर्वीं तो खालीं वांकून बोल्टाकडे पाहतो. ही संवय त्यास कोणी लावली नाहीं. आपल्या सभासद बंधूंच्या घरीं ती संवय अपघातावांचून लागावी, एवढीच इच्छा.